पाणी फिरतंय का ते बघ

आंजर्ल्यात डिसेंबरातसुद्धा आम्ही पंखा एकवर ठेवून झोपतो. पहाटे खाडीवरून गार वारा सुटला तर पायाशी पडलेली गोधडी वर ओढायची, एवढीच आमची थंडी. वर दापोलीला लोक कानटोप्या घालून फिरतात, त्यांना आम्ही हसतो. अशा गावात पडवीत बसून मी यंदा इंग्लंडातल्या एका घराचा बॉयलर का तापतो याचा शोध घेत होतो, तोही मोबाइलवरून. आमच्या पट्ट्यातली कितीतरी पोरं आता तिकडे आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहून काढतो. इथे ज्यांच्याकडे नुसता गीझर आहे त्यांच्यासाठीही शेवटी चार शब्द आहेत.

बॉयलर पुतण्याचा. तो शेफिल्डला असतो. नवरा, बायको आणि शाळेत जाणारी लेक. घर विटांचं, जुनं, एकाला एक चिकटून असलेल्या रांगेतलं. घेतलं तेव्हा घर तापवायचा बॉयलर, रेडिएटर (गरम पाणी आत फिरवून खोली तापवणाऱ्या लोखंडी पेट्या), गरम पाण्याची टाकी सगळं आधीच्या मालकाचंच होतं आणि यांनी ते तसंच ठेवलं. थंडी पडली आणि बॉयलर मध्येच बंद पडायला लागला. पडद्यावर ‘ओव्हरहीट’. रीसेटचं बटण दाबलं की पेटायचा, थोड्या वेळाने पुन्हा तेच.

“काका, तुम्ही जन्म काढलात बॉयलरवर. तुम्हीच सांगा आता.”

जन्म काढला हे खरं. मी जहाजावर इंजिन फिटर होतो. फिटर म्हणून चढलो, फिटर म्हणूनच उतरलो. पण आमचा बॉयलर निराळा. डिझेलवर चालणाऱ्या जहाजावर बॉयलरची वाफ जहाज ढकलायला नसते, ती जळण तापवायला असते. ते काळं जड तेल शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात फवारण्याइतकं पातळ होत नाही. त्यासाठी सहा-सात बार दाबाची वाफ. शेफिल्डच्या बॉयलरमध्ये पाणी उकळत नाही, उकळू द्यायचंच नसतं. गॅसवर ते साठ, सत्तर, फार तर ऐंशी अंशांपर्यंत तापवायचं, पंपाने खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवायचं आणि निवालं की परत बॉयलरकडे आणायचं. पाणी तेच, वर्षानुवर्षं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली गोष्ट मी त्याला सांगितली ती दुरुस्तीची नव्हतीच. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, असेल तर चाचणीचं बटण दाबून बघ. दुसरी गोष्ट, बॉयलरच्या झाकणाचा एक स्क्रूही काढायचा नाही. तिकडे गॅसच्या उपकरणाचं काम करायला गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेलाच माणूस लागतो. 2009 पासून ही नोंद आहे, त्याआधी कॉर्गी नावाची होती. नियम म्हणून तर पाळायचाच, पण कारणही पटण्यासारखं आहे. बऱ्याच बॉयलरांत ते पुढचं झाकणच ज्वलनाची जागा हवाबंद करतं. ते नीट बसलं नाही तर धूर घरात, आणि त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नोंदणीवाल्या माणसाला त्याने फोन केलेलाच होता, पण ऐन थंडीत त्याची तारीख लांबची मिळाली होती. तोवर झाकणाच्या बाहेर जे काही आहे ते आपलं, असा करार आम्ही केला. बाहेर बरंच काही असतं.

तिसरी गोष्ट, रीसेट. तो दिवसभर बटण दाबत होता, जणू डोअरबेल. जहाजावर एक धडा पहिल्या महिन्यात शिकवतात. गेज ग्लासात, म्हणजे बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेत, पाणी दिसेनासं झालं तर आधी आग बंद करायची आणि हात बांधून उभं राहायचं. घाबरून पाणी सोडायचं नाही, कारण तापून लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं तर काय होईल ते सांगायला कोणी उरेलच असं नाही. घरातल्या बॉयलरमध्ये इतकं थेट काही होत नाही, पण तो स्वतःहून बंद पडतो म्हणजे आतलं एक तरी यंत्र शुद्धीवर आहे. एकदा रीसेट करा. परत पडला तर थांबा आणि डोळे उघडे ठेवून बघा.

आता मुद्दा. बॉयलर तापतोय म्हटलं की सगळ्यांचं बोट आगीकडे जातं. बर्नर मोठा झाला असेल, गॅस जास्त येत असेल, थर्मोस्टॅट बिघडला असेल. माझा अनुभव असा की दहातल्या बहुतेक वेळी आग आपलं काम नेमून दिल्याप्रमाणे करत असते. तिची उष्णता उचलून न्यायला पाणीच येत नसतं. आमच्या न्हाणीत अजून तांब्याचा बंब आहे (सोलर हीटर होता छपरावर, तो 3 जून 2020 ला निसर्ग वादळात कौलांसकट गेला, पुन्हा बसवला नाही). मधल्या नळीत नारळाची सोडणं आणि करवंट्या पेटवायच्या, वरून तांब्याभर गार पाणी ओतलं की तेवढं गरम पाणी बाहेर. ओतायचं विसरलात आणि जाळ तसाच ठेवलात तर बंब खदखदायला लागतो, झाकण उडवतो. शेफिल्डच्या बॉयलरचं दुखणं याहून वेगळं नव्हतं. तिथे वरून ओतणारा हात म्हणजे पंप.

हर्णैला एका ओळखीच्या तांडेलाच्या बोटीवर दोन-तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. इंजिन तापायचं, बंदराच्या बाहेर पडलं की काटा वर. मेकॅनिकने इंजेक्टर बदलले, तेल बदललं, पैसे घेतले. मला नेलं तेव्हा मी इंजिन बघितलंच नाही, आधी मागे वाकून पाणी बघितलं. या बोटी समुद्राचं पाणी ओढतात, इंजिनाभोवती फिरवतात आणि बाहेर टाकतात. “मागं पानी पडतंय का नीट?” तर म्हणाला, “पडतं की. जरा बारीक.” जरा बारीक! खाली उतरून बघितलं तर पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकचा कागद ओल्या चादरीसारखा चिकटलेला. बोट उभी असताना तो लोंबायचा, इंजिन जोरात ओढायला लागलं की घट्ट बसायचा. म्हणून बंदरात सगळं ठीक आणि दर्यात बोंब.

तर पुतण्याला विचारलेला पहिला खरा प्रश्न असा: बंद पडतो तो नेमका कधी? त्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं, आणि कोणाच्याच येत नाही. पेटल्यावर लगेच? तास-दोन तास चालून? की बंद करण्याची वेळ झाली, आग विझली आणि मग ‘ओव्हरहीट’? तिन्हींची कारणं वेगवेगळी. शेवटचा प्रकार चमत्कारिक वाटेल, पण होतो. आग विझली तरी आतला धातू तापलेलाच असतो, म्हणून पंप पुढे काही मिनिटं फिरत राहायला हवा. वेळ लावायच्या घड्याळाने बॉयलर बंद केला की पंपाचीही वीज तुटेल अशी वायरिंग कोणी केली असेल तर ती शिल्लक उष्णता तिथेच कोंडते. अशा घरात लोक बॉयलर बदलतात आणि नवीनही तसाच बंद पडतो.

पुतण्याचा बॉयलर सकाळी पेटला की दहा-पंधरा मिनिटांत पडायचा, आणि पडण्याआधी आतून पाणी खळखळल्याचा, गुरगुरल्याचा आवाज. हा आवाज ऐकला की समजायचं, एकूण पाणी उकळत नसलं तरी धातूला चिकटलेला पातळ थर उकळतोय, बुडबुडे होतायत आणि फुटतायत. एक तर आत चुन्याचा थर बसलाय, नाही तर पाणी फार सावकाश सरकतंय.

बॉयलरमधून दोन जाड नळ्या निघतात, एक जाणारी, एक येणारी. दोन्हींचं तापमान मोजायला सांगितलं. त्याच्याकडे थर्मामीटर नव्हतं, पण सूनबाई केक करते, तिचं स्वयंपाकघरातलं टोकदार थर्मामीटर नळीवर ठेवून वरून कापड आणि चिकटपट्टी. जाणारी 82, येणारी 34. मी पडवीत बसल्याबसल्या ओरडलोच. आत स्वयंपाकघरातून आवाज आला, “काय झालं, मॅच आहे का?”

नव्या कंडेन्सिंग (धुरातलीही उष्णता परत मिळवणाऱ्या) बॉयलरात जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात साधारण वीस अंशांचा फरक धरतात, जुन्या जातीत अकरा-बारा. इथे जवळजवळ पन्नास. याचा अर्थ एकच, पाणी रांगत रांगत जातंय, रेडिएटरमध्ये पुरतं गार होतंय, आणि बॉयलरमध्ये तोवर उरलेलं पाणी भाजून निघतंय. दोन्ही नळ्या सारख्याच चटके देत असत्या तर मी म्हटलं असतं, पाणी फिरतंय पण उष्णता कुठे सुटत नाहीये. आणि जाणारी नळी कोमट असून बॉयलर ‘तापलो तापलो’ म्हणत असता तर मग सेन्सरवर संशय. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की ज्याचा विद्युतरोध उतरतो असा मण्याएवढा तुकडा. तो खोटं बोलू शकतो, पण त्याला आधी खोटं ठरवू नये. दोन नळ्यांवर हात ठेवून इतकं सगळं कळतं, आणि बहुतेक लोक त्याऐवजी एरर कोड गुगल करतात.

पंप वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीशेजारी, कपडे ठेवायच्या कपाटात. जहाजावर आम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून ऐकायचो. बेअरिंग गेलं की खरखर, हवा ओढली की वाळू चाळल्यासारखं, सगळं समजतं. पुतण्याला तेच करायला लावलं, झाकण न काढता, नुसतं बाहेरून. “काका, गुणगुणतोय. सारखा.” वेग एकवरून तीनवर टाक म्हटलं, आवाज बदलला. म्हणजे मोटर फिरते. पंपाच्या दोन्ही बाजूंच्या व्हॉल्वच्या खाचा नळीला समांतर आहेत का, तर आहेत. उघडे आहेत. मग पाणी अडतंय कुठे?

“बॉयलरकडे परत येणाऱ्या नळीवर काळा डबा आहे का एखादा? तांब्याएवढा?”

होता. लोहचुंबकाचा फिल्टर. तो कधी उघडायचा असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आधीच्या मालकाने तरी उघडला होता की नाही, देव जाणे. बॉयलर बंद करून निवू दिला, डब्याच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व बंद केले, खाली बादली आणि जुने टॉवेल. टोपण फिरवलं आणि पहिलं पाणी आलं ते नुसतं काळं. चुंबकाची कांडी बाहेर काढून त्याने कॅमेऱ्यासमोर धरली. कांडी दिसतच नव्हती. तिच्याभोवती बोटभर जाड काळा चिखल, त्यावर बारीक बारीक काटे उभे, साळिंदरासारखे नाही म्हणणार, पण चुंबकाला लोखंडाचा कीस लावला की उभा राहतो तसेच. बोटाने पुसला तर बोट रेशमी काळं झालं आणि साबणाने निघेना. हे लोखंडाचं एक ऑक्साइड, मॅग्नेटाइट. रेडिएटरची पोटं आतून झिजून झालेलं पीठ.

हॉलमधल्या रेडिएटरवर हात फिरवायला सांगितला. वरून गरम, खाली मधोमध गार. वरून गार असता तर हवा अडकलेली, किल्लीने सोडून द्यायची. (तीसुद्धा नुसती हवाच असेल असं नाही. लोखंड असं गंजताना हायड्रोजन सुटतो, तो पेट घेतो. वास बघायला किंवा उजेडाला म्हणून काडी पेटवून जवळ जाऊ नका.) खालून गार म्हणजे गाळ. तो काय फिल्टर धुऊन निघणार नाही. पण डबा साफ करून, पाणी पुन्हा भरून, दाब बघून पेटवला तर जाणारी 70, येणारी 49. गुरगुर थांबली. त्या सकाळी तो पडला नाही.

पुतण्याने लगेच ‘काका ग्रेट’ असा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला. दोन-तीन दिवस शांतता. मग पुन्हा फोन: आता सकाळी ठीक, पण रात्री दहाच्या सुमारास पडतो.

इथे मला मजा यायला लागली, कारण तोच एरर, पण रोग दुसरा. रात्री दहाला घर गरम झालेलं असतं. या वेळी दोन्ही नळ्या गरम, फरक फार नाही, आणि मग एकदम बंद. त्यांच्या रेडिएटरांच्या टोकाला एक ते पाच आकड्यांची गोल मूठ असते. खोली त्या आकड्यापुरती तापली की मूठ आपोआप पाणी बंद करते. चांगली सोय आहे. पण घराला हुकूम देणारा मुख्य थर्मोस्टॅट वेगळा, तो खालच्या पॅसेजच्या भिंतीवर. ज्या जागी हा थर्मोस्टॅट असतो तिथला रेडिएटर कायम उघडा ठेवायचा, त्याला अशी मूठच बसवायची नाही, असा तिकडे साधा नियम आहे.

“पॅसेजमधला रेडिएटर चालू आहे ना?” मी विचारलं.

सूनबाई मागून म्हणाली, “तो मी बंद केलाय काका. तिथे कोण बसतं? फुकट गॅस जाळायचा.”

तिचं चुकलं असं कोण म्हणेल? आपल्या घरात रिकाम्या खोलीतला दिवा आपण घालवतोच. मी पुढे समजवायला तोंड उघडलं तर ती स्वतःच म्हणाली, “थांबा. म्हणजे पॅसेज गार, म्हणून तो भिंतीवरचा आणखी तापव, आणखी तापव म्हणतोय. आणि वर खोल्या तापल्या म्हणून सगळ्या मुठी बंद. मग पाणी जाणार कुठे?” मला काही बोलायचं उरलंच नाही. टाकीतलं पाणीही तोवर तापलेलं, म्हणजे तीही वाट बंद. पंप बंद दारावर डोकं आपटत बसणार आणि बॉयलर तापणार.

अशा वेळेसाठी पंपाजवळ एक बायपास असतो. सगळ्या वाटा बंद झाल्या की दाबाने तो उघडतो आणि पाणी जवळच्या जवळ परत फिरवतो. त्यांच्याकडे होता, पण त्याची मूठ कोणीतरी पार शेवटच्या आकड्यापर्यंत आवळून ठेवली होती, म्हणजे असून नसल्यासारखा. तो किती ढिला करायचा हे पंपाच्या दाबावर ठरतं, म्हणून ते काम नोंदणीवाल्यासाठी ठेवलं. आम्ही फक्त पॅसेजमधला रेडिएटर उघडला. त्या रात्रीपासून बॉयलर पडला नाही.

पण मला झोप लागेना. आग, पाणी, गाळ, सगळं कळलं. गाळ आला कुठून ते कळलं नव्हतं. बंद व्यवस्थेत पाणी तेच तेच फिरत असतं. त्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू एकदा लोखंडाने खाल्ला की संपला, गंज थांबायला हवा. एवढा चिखल होतो तेव्हा कोणीतरी ताजं पाणी घालत असतं. जहाजावर बॉयलरला द्यायच्या पाण्याची टाकी आम्ही मुद्दाम ऐंशी अंशांच्या आसपास तापवून ठेवायचो, कशाला, तर त्यातला प्राणवायू आधीच निघून जावा. ताजं गार पाणी म्हणजे बॉयलरला विष, हे तिथे पोऱ्यालाही माहीत.

“दाब कमी झाला म्हणून पाणी भरतोस का रे तू?”

“हो, दर आठवड्याला. काटा खाली येतो ना. मॅन्युअलमध्येच दिलंय.”

मॅन्युअलमध्ये भरायचं कसं ते दिलंय. सारखं का भरावं लागतं हा प्रश्न आपला आपण विचारायचा. काटा बघायला लावला. गार असताना 0.6 बार, हवा एक ते दीड. तापल्यावर मात्र जवळजवळ 3. एवढा झोका नको. पाणी तापलं की फुगतं, त्या फुगलेल्या पाण्याला जागा म्हणून एक लाल डबा असतो, आत रबराचा पडदा, पलीकडे हवा. त्या हवेवर पाणी दबून बसतं. हवा निघून गेली की फुगणाऱ्या पाण्याला जागाच नाही, दाब चढतो, 3 बारला सुरक्षेचा व्हॉल्व उघडतो आणि पाणी घराबाहेर टाकतो. निवल्यावर तेवढं पाणी कमी, काटा खाली, आणि आपण इमानदारीत नळ सोडून पुन्हा भरतो. प्रत्येक भरण्याबरोबर नवा प्राणवायू, नवा चुना.

“बाहेर जा. मागच्या भिंतीतून तांब्याची बारीक नळी निघून भिंतीकडेच वळलेली दिसेल. तिच्याखाली बघ.”

बाहेर दोन-तीन अंश असतील. तो जाकीट चढवून मोबाइलची बॅटरी लावून गेला, वाफेसारखा श्वास कॅमेऱ्यावर. विटांवर नळीच्या तोंडापासून खाली जमिनीपर्यंत हातभर रुंद ओला पट्टा, कडेला पांढरी खपली, मध्ये हिरवट. त्या घरात राहायला आल्यापासून तो पट्टा तिथे होता, ते त्याला भिंतीचं शेवाळ वाटत होतं. आमच्याकडे प्रत्येक भिंतीवर असतंच म्हणा.

गॅसवाला ठरल्या दिवशी आला. पुतण्याने आमची सगळी मोजमापं कागदावर लिहून त्याच्या हातात दिली. त्याने आधी कागद वाचला, मग हत्यारं काढली, हे मला फार आवडलं. लाल डब्याच्या सायकलसारख्या व्हॉल्वची पिन दाबली तर हवेऐवजी पाणी आलं. आतला पडदाच फाटलेला. डबा नवा बसवला. सेन्सर मोजला, तो चांगला निघाला. आग विझल्यावर पंप फिरत राहतो की नाही ते बघितलं, फिरतो. बायपास लावून दिला. पाण्यात आधी गाळ सुटवणारं आणि नंतर गंज रोखणारं औषध घालायचं ठरलं. जाताना तापमानही उतरवायला सांगून गेला, आणि ते मलाही पटलं. यांचा बॉयलर 80 वर लावलेला. इंग्लंडात 2005 पासून नवा गॅस बॉयलर बहुतेक कंडेन्सिंग जातीचाच लावावा लागतो, त्याची सगळी करामत धुरातल्या वाफेचं पाणी करून तीही उष्णता परत मिळवण्यात. त्यासाठी येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली हवं. 80 वर चालवून ते कसं साधणार? टाकीतलं पाणी जंतूंमुळे 60 पर्यंत न्यावं लागतं, म्हणून फार खाली जाता येत नाही, पण 68-70 वर त्यांचं घर मजेत तापतं.

आता इथल्या गीझरवाल्यांसाठी. तुमच्याकडे नियम उलटा लागतो. साठवणीच्या गीझरमध्ये पाणी फिरवायला पंप नाही, त्यामुळे वाफ यायला लागली तर पहिला संशय थर्मोस्टॅटवरच. त्याचे संपर्क चिकटतात, लाल दिवा विझतच नाही. पाणी फार तापलं की वीज तोडणारा वरचा कटआउट ट्रिप होतोय म्हणून त्याला तारेने जोडून देणारे इलेक्ट्रिशियन मी आमच्याच तालुक्यात बघितले आहेत. अशा माणसाला चहा पाजून परत पाठवा. सुरक्षेचा व्हॉल्व ठिबकतो म्हणून त्याला बूच मारू नका. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी असेल तर आतली अ‍ॅनोडची कांडी (टाकीऐवजी स्वतः झिजणारी) लवकर खाल्ली जाते, ती दोन पावसाळ्यांत एकदा तरी बघून घ्या. आणि गॅस गीझर बंद न्हाणीत लावूच नका, पडवीत लावा. त्यावर मी चर्चा करत नाही.

पुतण्याच्या रेडिएटरांची पुरी सफाई उन्हाळ्यात करायची आहे, तेव्हा घर थंड राहिलं तरी चालतं आणि गॅसवाल्याचा भावही उतरलेला असतो. तोवर दर महिन्याला फिल्टर उघडून चुंबकाच्या कांडीचा फोटो पाठवायचा, असं ठरलंय. पहिला परवा आला. काळं आहे अजून, पण मधून मधून कांडी दिसते. दाब गार असताना 1.3, आणि नवा डबा बसवल्यापासून त्याने नळ सोडलेला नाही.